‘पॉवरहाऊस’, ‘फार्महाऊस’ आणि ‘रेल्वे’ : इंग्रजी सामासिक नामांची मराठीतील अक्षरविभागणी व पदरचना

१. विषयप्रवेश

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. हे शब्द स्वीकारावेत की टाळावेत हे पहिले अंग होय. स्वातंत्र्यवीर सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ, माधवराव पटवर्धनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) आणि १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकार्य ही या विचाराची ठळक स्थाने आहेत. दुसरे अंग लेखनाचे : शब्द घेतलाच तर तो देवनागरीत कसा लिहावा? या दोन्ही चर्चांत शब्द एकसंध मानला जातो. परंतु जो शब्द मूळ भाषेतच दोन शब्दांच्या जोडणीतून झालेला असतो, त्याची ती जोड मराठीत आल्यावर टिकते की विरघळते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. पदव्युत्तर वर्गांत समास आणि सामान्यरूप हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातात. आगत सामासिक नामांच्या बाबतीत मात्र ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन शब्दांच्या आधारे केला आहे. तिन्ही शब्द रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या दैनंदिन व्यवहारातील आहेत आणि तिन्ही निरनिराळ्या काळी या भूभागात आले. ‘रेल्वे’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोहमार्गाबरोबर आला; १८६३ साली बोरघाटातील मार्ग खुला झाल्यावर कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे महत्त्वाचे स्थानक ठरले. ‘पॉवरहाऊस’ हा शब्द टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांबरोबर आला. खालापूर तालुक्यातील खोपोली येथील वीजगृह १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील वीजगृह १९२२ साली सुरू झाले. ‘फार्महाऊस’ हा शब्द या दोहोंच्या पुष्कळ नंतर, मुंबई-पुण्याच्या नागरिकांनी या परिसरात जमिनी घेऊन विश्रांतीसाठी घरे बांधण्यास प्रारंभ केल्यावर, येथे रुळला. एकाच लहान भूभागात तीन कालखंडांतील तीन शब्द शेजारी-शेजारी वावरत असल्यामुळे त्यांची तुलना विशेष उद्बोधक ठरते.

२. अक्षर : लेखनातील आणि उच्चारातील

मराठीत ‘अक्षर’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते आणि त्यातून बराच घोटाळा होतो. लिपीतील स्वरान्त एकक हा एक अर्थ. एका आघातात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह हा दुसरा अर्थ. येथे पहिल्यास ‘लेखनाक्षर’ व दुसऱ्यास ‘उच्चाराक्षर’ म्हटले आहे. ‘घर’ या शब्दात लेखनाक्षरे दोन, परंतु अन्त्य ‘अ’ उच्चारला जात नसल्याने उच्चाराक्षर एकच. संस्कृत तत्सम शब्दांच्या आणि वृत्तबद्ध पद्याच्या पठनात हा ‘अ’ जागा होतो. गद्य बोलण्यात तो लोपलेला असतो.

या दृष्टीने ‘पॉवरहाऊस’ या शब्दात लेखनाक्षरे सहा : पॉ, व, र, हा, ऊ, स. उच्चाराक्षरे चार : पॉ-वर्-हा-ऊस्. मात्रा मोजल्यास दोन, एक, एक, दोन, दोन, एक अशा नऊ होतात. ‘फार्महाऊस’मध्ये लेखनाक्षरे पाच, मात्रा आठ आणि उच्चाराक्षरे तीन : फार्म्-हा-ऊस्. इंग्रजीत मात्र ‘फार्महाऊस’ हा केवळ दोन उच्चाराक्षरांचा शब्द आहे. ‘पॉवरहाऊस’ हा, पहिले पद सावकाश उच्चारले तर तीन आणि घाईने उच्चारले तर दोन उच्चाराक्षरांचा होतो. म्हणजे मराठीत येताना दोन्ही शब्द लांबले. ही वाढ कोठे झाली, हे पाहिले म्हणजे आगत शब्दावर मराठीच्या ध्वनिव्यवस्थेने केलेले संस्कार स्पष्ट होतात.

३. ‘हाऊस’चे दोन अवयव कसे झाले

इंग्रजीतील ‘हाऊस’ हा शब्द एकाक्षरी आहे. त्यातील स्वर संयुक्त असून तो ‘आ’पासून निघून ‘उ’कडे सरकतो. मराठीतील ‘औ’ हाही संयुक्त स्वर आहे, परंतु त्याचा प्रारंभ ऱ्हस्व ‘अ’ने होतो. त्यामुळे ‘हौस’ असे लिहिले असते तर उच्चार मूळापासून दूर गेला असता आणि शिवाय तो आवड या अर्थाच्या मराठी ‘हौस’शी एकरूप झाला असता. मराठी कानाने या संयुक्त स्वराचे ‘आ’ आणि ‘ऊ’ असे दोन घटक केले व प्रत्येकाला स्वतंत्र उच्चाराक्षर दिले. असे करण्यास मराठीत आधी साचा तयार होताच. ‘पाऊस’, ‘देऊळ’, ‘राऊळ’ हे शब्द याच घडणीचे आहेत. ‘हाऊस’ हा शब्द ‘पाऊस’च्या ओळीत जाऊन बसला.

लेखनाच्या बाबतीतही हा साचाच निर्णायक ठरला. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनुसार मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचा असतो. ‘हाऊस’मधील ‘ऊ’ मूळ इंग्रजीत दीर्घ नाही. मराठीने तो उपान्त्य मानून दीर्घ केला. आगत शब्दाला स्वभाषेचा नियम लावला जाणे हे त्याच्या स्वीकाराचे पहिले लक्षण होय.

याहूनही लक्षणीय बाब ‘पॉवर’ या पूर्वपदात आहे. इंग्रजीत ‘पॉवर’ आणि ‘हाऊस’ या दोन्ही पदांत एकच संयुक्त स्वर आहे. म्हणजे एकाच शब्दात तोच स्वर दोनदा येतो. मराठीने मात्र त्याची दोन निरनिराळी रूपे केली : पहिल्या ठिकाणी ‘ऑ’ व त्यापुढे ‘व’, दुसऱ्या ठिकाणी ‘आ’ व त्यापुढे ‘ऊ’. हा गोंधळ नव्हे. ‘टॉवर’, ‘फ्लॉवर’, ‘शॉवर’ या सर्व शब्दांत हेच घडलेले दिसते. पुढे स्वर असेल तर संयुक्त स्वराचा उत्तरार्ध ‘व’ होतो आणि पुढे केवळ व्यंजन असेल तर तो ‘ऊ’ राहतो. ‘पाऊस’ पण ‘पावसात’, ‘देऊळ’ पण ‘देवळात’ या जुन्या मराठी विकाराशी ही विभागणी जुळते. ‘पॉवर’मध्ये ‘आ’चा ‘ऑ’ होण्यात इंग्रजी वर्णलेखनाचा प्रभाव असावा. बोलण्यात ‘पावर’ असा उच्चारही ऐकू येतो आणि ध्वनिदृष्ट्या तो मूळाच्या अधिक जवळ आहे. त्यास केवळ ग्राम्य म्हणून बाजूस सारणे शास्त्रीय ठरणार नाही.

४. अक्षरसीमा आणि पदसीमा

सामासिक शब्दात दोन प्रकारच्या सीमा असतात. उच्चाराक्षरे जेथे विलग होतात ती अक्षरसीमा, दोन पदे जेथे भेटतात ती पदसीमा. ‘पॉवरहाऊस’मध्ये अक्षरसीमा तीन आहेत, पदसीमा एकच आणि ती दुसऱ्या अक्षरसीमेवर पडते. ‘फार्महाऊस’मध्ये अक्षरसीमा दोन आणि पदसीमा पहिलीवर पडते. ‘हा’ आणि ‘ऊस’ यांमधील सीमा ही केवळ उच्चाराची आहे, तिला पदरचनेत कोणतेही मूल्य नाही. छपाईत ओळीच्या अखेरीस शब्द तोडावा लागल्यास तो ‘पॉवर-हाऊस’, ‘फार्म-हाऊस’ असाच तोडावा, ‘पॉ-वरहाऊस’ असा तोडू नये, यामागील कारण हेच.

इंग्रजीत पदसीमा ओळखू येण्याचे मुख्य साधन आघात हे आहे. सामासिक नामात प्रधान आघात सामान्यतः पूर्वपदावर पडतो. म्हणूनच ‘ग्रीनहाऊस’ हा समास आणि ‘हिरवे घर’ या अर्थाची विशेषण-विशेष्याची जोडी यांत इंग्रजी श्रोत्याला केवळ आघातावरून भेद करता येतो. मराठीत आघात अर्थभेदक नाही. हे साधन मराठीत येताना गळून पडले. मग मराठी श्रोत्याला पदसीमा कशावरून जाणवते?

याचे उत्तर ‘ह’ या वर्णाच्या वर्तनात सापडते. मराठीत ‘ऱ्ह’, ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ हे समूह एकजीव महाप्राणासारखे उच्चारले जातात. ‘कुऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’, ‘तुम्ही’ या शब्दांत मागील अक्षर जोडाक्षरापूर्वी असूनही लघूच राहते, हे छंदःशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. ‘गुऱ्हाळ’चे उच्चाराक्षर ‘गु-ऱ्हाळ्’ असे पडते. परंतु ‘पॉवरहाऊस’मध्ये ‘र्’ आणि ‘ह’ शेजारी आले असतानाही ‘पॉव-ऱ्हाऊस’ असे होत नाही. ‘र्’ मागे राहतो आणि ‘ह’ पुढील अक्षराचा आरंभ करतो. ‘फार्महाऊस’मध्येही ‘म्’ आणि ‘ह’ सावकाश उच्चारात वेगळेच राहतात. जेथे मराठीची सहजप्रवृत्ती दोन वर्णांना एकत्र करण्याची आहे तेथे ते वेगळे राहतात, याचा अर्थ वक्त्याच्या मनात तेथे पदसीमा जिवंत आहे. जलद बोलण्यात मात्र ‘फार्म्हाऊस’ आणि त्याही पुढे ‘फार्माऊस’ असा उच्चार होऊ शकतो. अशा उच्चारात पदसीमा पुसट होऊ लागली असल्याची खूण आहे. उच्चार बिघडला एवढेच म्हणून थांबल्यास ही खूण हातची जाते.

५. ‘रेल्वे’ : विरघळलेली पदसीमा

पदसीमा पूर्णतः विरघळल्याचे उदाहरण म्हणजे ‘रेल्वे’. मूळ इंग्रजीत ‘रेल’ म्हणजे रूळ आणि ‘वे’ म्हणजे मार्ग. दोन उच्चाराक्षरे, दोन पदे आणि अक्षरसीमा व पदसीमा एकाच ठिकाणी. ध्वनिदृष्ट्या हा तिन्ही शब्दांतील सर्वांत स्वच्छ समास. तरीही मराठी भाषकाला तो समास वाटत नाही. याची तीन प्रमाणे देता येतात.

पहिले प्रमाण अर्थाचे. मराठीत ‘रेल्वे’ या शब्दाने मार्गच नव्हे, तर गाडी आणि संस्था यांचाही बोध होतो. ‘रेल्वे आली’ या वाक्यात मार्ग येत नाही, गाडी येते. दुसरे प्रमाण ‘रेल्वेमार्ग’ या शब्दाचे. ‘वे’ आणि ‘मार्ग’ यांचा अर्थ एकच. उत्तरपद जिवंत असते तर ही द्विरुक्ती खटकली असती. ती कोणासही खटकत नाही. याउलट ‘लोहमार्ग’ हा शब्द मूळ समासाच्या दोन्ही पदांचे भान ठेवून घडविलेला आहे, तर ‘आगगाडी’ हा शब्द मूळ समास बाजूस ठेवून प्रत्यक्ष वस्तूकडे पाहून घडला आहे.

तिसरे आणि निर्णायक प्रमाण लिंगाचे. तत्पुरुष समासाचे लिंग उत्तरपदावरून ठरते. ‘वे’ हे उत्तरपद असलेला ‘हायवे’ हा शब्दही मराठीत रूढ आहे आणि खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे ‘एक्सप्रेस वे’ हाही तेथे नित्याचा झाला आहे. ‘हायवे’ आणि ‘एक्सप्रेस वे’ हे ‘रस्ता’, ‘मार्ग’ यांच्या अनुकरणाने पुल्लिंगी आहेत. ‘रेल्वे’ मात्र ‘गाडी’च्या साहचर्याने स्त्रीलिंगी आहे. एकच उत्तरपद असलेल्या शब्दांची लिंगे भिन्न असतील, तर मराठीने ते उत्तरपद पद म्हणून ओळखलेलेच नाही. लिंग पूर्ण शब्दाला, त्याच्या पूर्ण अर्थावरून मिळाले आहे.

याच कसोटीवर ‘हाऊस’ पारखून पाहावे. पॉवरहाऊस, फार्महाऊस, गेस्टहाऊस, पंपहाऊस, पॉलीहाऊस हे सारे शब्द नपुंसकलिंगी आहेत आणि ते ‘घर’ व ‘गृह’ यांचे लिंग आहे. ‘पॉलीहाऊस’मधील ‘पॉली’ या पूर्वपदाचा अर्थ वापरणाऱ्यास ठाऊक असेलच असे नाही, तरीही लिंगाविषयी संदेह निर्माण होत नाही. ‘हाऊस’ हा शब्द मराठीत सहसा सुटा वापरला जात नाही, परंतु उत्तरपद म्हणून तो निश्चितपणे ओळखला जातो. यावरून असा सिद्धान्त मांडता येईल की, आगत समासातील पद टिकण्यास अक्षरसीमेची स्पष्टता पुरेशी नाही. तेच पद अनेक शब्दांत, एकाच अर्थाने आणि एकाच लिंगाने पुनःपुन्हा यावे लागते.

या संदर्भात ‘भिवपुरी रोड’ या स्थानकनामाचा उल्लेख उचित ठरेल. येथे ‘रोड’ हे उत्तरपद असले तरी नामाने रस्ता सूचित होत नाही. ज्या स्थानकापासून भिवपुरीकडे रस्ता जातो ते स्थानक, असा त्याचा विग्रह होतो. अन्यपदप्रधान असल्याने हा बहुव्रीहीच्या जातीचा समास ठरतो. बोलण्यात नुसते ‘भिवपुरी’ म्हटले की भागते, कारण मराठी वक्त्याला त्या ‘रोड’चे प्रयोजन जाणवत नाही.

६. सामान्यरूपाची कसोटी

आगत शब्द मराठी झाला की नाही, याची सर्वांत कठोर कसोटी सामान्यरूप ही होय. ‘फाईल’ हा शब्द इंग्रजीत संयुक्त स्वराचा आणि एकाक्षरी आहे. मराठीत तो ‘फा-ईल्’ असा दोन उच्चाराक्षरांचा झाला आणि विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे ‘फायलीत’, ‘फायलीला’ असे रूप होते. ‘ई’च्या जागी ‘य’ येण्याचा हा विकार ‘काईल-कायलीत’ याप्रमाणेच आहे. ‘पाईप’चे ‘पायपातून’ आणि बोलीत ‘टाईम’चे ‘टायमाला’ हेही तसेच. हे शब्द ध्वनी, लिंग आणि रूप या तिन्ही अंगांनी मराठी झाले आहेत.

याच न्यायाने ‘पाऊस-पावसात’प्रमाणे ‘फार्महावसात’, ‘पॉवरहावसात’ अशी रूपे अपेक्षित होती. ती होत नाहीत. ‘फार्महाऊसवर’, ‘फार्महाऊसच्या’, ‘पॉवरहाऊसमध्ये’ अशी, सामान्यरूप टाळून प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय थेट जोडलेली रूपेच प्रचलित आहेत. क्वचित ‘पॉवरहाऊसात’ असे आकारान्त सामान्यरूप झाले तरी त्यात ‘ऊ’चा ‘व’ होत नाही. अनेकवचनातही हाच संकोच दिसतो. ‘घर-घरे’प्रमाणे ‘फार्महाऊसे’ असे न म्हणता कोणी ‘फार्महाऊस’ हेच रूप ठेवतो, तर कोणी इंग्रजी प्रत्ययासह ‘फार्महाऊसेस’ म्हणतो. गंमत अशी की, इंग्रजीत ‘हाऊस’चे अनेकवचन होताना अन्त्य ‘स’ घोष होतो. मराठी ‘हाऊसेस’मध्ये तो अघोषच राहतो. म्हणजे हे रूप धड इंग्रजी नाही आणि धड मराठीही नाही.

‘फाईल’ वाकतो आणि ‘हाऊस’ वाकत नाही, याचे कारण पदरचनेत शोधावे लागते. ‘फाईल’ हा मराठीत स्वतंत्र शब्द आहे. त्याला प्रत्यय थेट लागतात आणि वापराच्या वारंवारतेमुळे त्याचे सामान्यरूप घडून गेले. ‘हाऊस’ हे केवळ उत्तरपद आहे. त्याचे ‘हावसा-’ झाले तर ते पद ओळखूच येणार नाही आणि ओळखता येणे हाच तर त्याच्या टिकण्याचा आधार आहे. पदसीमेचे रक्षण आणि सामान्यरूपाचा विकार यांत येथे विरोध निर्माण होतो आणि पदसीमा जिंकते. ‘रेल्वे’च्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण एकारान्त असल्याने ‘रेल्वेने’, ‘रेल्वेचा’ ही रूपे अविकृतच राहतात.

येथे केवळ एका शब्दाचा प्रश्न नाही. विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे रूप पालटणे हे मराठी नामव्यवस्थेचे एक मूलभूत लक्षण आहे. मो. के. दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून मराठी नामाचे वर्णन या लक्षणाला वगळून कोणी केलेले नाही. रूप न पालटणाऱ्या आगत सामासिक नामांची संख्या वाढत गेली, तर सामान्यरूप हे सर्व नामांचे लक्षण न राहता देशी नामांच्या एका वर्गाचे लक्षण होऊन बसेल. तसे होणे इष्ट की अनिष्ट, हे व्याकरणकार ठरवीत नसतो. परंतु ते होत आहे याची नोंद घेणे हे त्याचे काम आहे.

७. अर्थ : घटकांची बेरीज आणि व्यवहार

समासाची पदे ओळखू आली म्हणजे त्याचा अर्थ कळला, असे मात्र नाही. ‘पॉवरहाऊस’चा विग्रह ‘विजेसाठी घर’ असा सरळ होतो आणि ‘वीजगृह’ हा तद्भव व तत्सम पदांचा संकरसमास त्याचा अर्थ नेमका देतो. ‘फार्महाऊस’चे तसे नाही. मूळ इंग्रजीत शेतकरी आपल्या शेतावर ज्या घरात राहतो ते फार्महाऊस. कर्जत-खालापूर परिसरात मात्र हा शब्द शहरात राहणाऱ्या मालकाच्या विश्रांतिस्थानाला लागतो. शेजारच्या शेतकऱ्याचे शेतावरील घर हे ‘घर’च असते, त्याला कोणी फार्महाऊस म्हणत नाही. दोन्ही पदे पारदर्शक राहूनही समासाचा अर्थ वापरणाऱ्यांच्या सामाजिक स्थितीने निश्चित केला आहे. ‘शेतघर’ हा प्रतिशब्द सुचविला जातो, तो रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. तथापि तो रुळला नाही. मराठी ‘शेत’ या पदामागे कष्टाचा अर्थ आहे आणि ‘फार्महाऊस’ने दर्शविलेल्या वस्तूत नेमका तोच नाही. परिभाषा घडविणाऱ्याने पदाचे भाषांतर करताना व्यवहाराकडे पाहिले नाही, तर निर्दोष प्रतिशब्दही कोशातच राहतो.

‘फार्महाऊसवर जाणे’ या प्रयोगातील ‘वर’ मात्र लक्ष वेधून घेतो. घरात जातात, शेतावर जातात. येथे ‘घर’ हे उत्तरपद असूनही शब्दयोगी अव्यय ‘शेता’चे आले आहे. लिंग उत्तरपदाने दिले आणि अव्यय पूर्वपदाच्या अर्थाने. जुन्या मराठी वहिवाटीचा एवढा अंश या नव्या शब्दातही शिल्लक राहिला आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून आगत सामासिक नामांच्या मराठीकरणाच्या चार पायऱ्या मानता येतात : ध्वनींची पुनर्रचना, लेखननियमांची लागवड, लिंगनिश्चिती आणि सामान्यरूप. ‘पॉवरहाऊस’ आणि ‘फार्महाऊस’ या शब्दांनी पहिल्या तीन पायऱ्या ओलांडल्या असून चौथीवर ते थांबले आहेत. ‘रेल्वे’ने समास हे स्वरूप टाकून देऊन एकसंध मराठी नामाचे रूप घेतले आहे. ‘फाईल’सारखे असामासिक शब्द चारही पायऱ्या चढून गेले आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. विद्यार्थ्याने ‘फार्महाऊसच्या’ असे लिहिल्यास ते सामान्यरूपाचे अज्ञान समजून दोष देणे योग्य नव्हे आणि ‘फार्महाऊसाच्या’ असे लिहिल्यास तो गावंढळपणा समजणेही योग्य नव्हे. पहिले रूप प्रचलित आहे, दुसरे मराठी व्याकरणाच्या प्रकृतीला धरून आहे. दोहोंची कारणे सांगता येणे, हे भाषेच्या अध्यापकाकडून अपेक्षित आहे. दुसरी गोष्ट कोशरचनेची. अशा शब्दांच्या नोंदीत केवळ अर्थ व मूळ भाषा देऊन भागणार नाही. उच्चाराक्षरे, पदसीमा, लिंग आणि प्रत्ययापूर्वीचे रूप यांची नोंदही आवश्यक आहे. एखादा शब्द मराठीत किती खोलवर उतरला आहे हे त्याच्या अर्थनोंदीपेक्षा या चार नोंदींवरून अधिक निश्चितपणे कळते.